५ एप्रिल आणि सोलापूरचे वालचंद

आमच्या वढू बुद्रुकहून नगर रोडला आलं, की कंटेनरची रांग दिसते. यातला बराच माल पुढे बोटीने परदेशी जातो. एके काळी त्या बोटीही इंग्रजांच्याच होत्या! 🚢

ही मक्तेदारी मोडायला उभे राहिले सोलापूरचे वालचंद हिराचंद. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजींसारख्या सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’, पहिल्या महायुद्धातली इस्पितळ-बोट, ५ एप्रिलला मुंबईहून लंडनला निघाली. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून कोंडी केली, सिंदिया टिकली. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला गोदीची पायाभरणी झाली, १९४८ मध्ये तिथून ‘जलउषा’ पाण्यात उतरली.

५ एप्रिल हा आज राष्ट्रीय सागरी दिन आहे. वालचंदांच्या नावाचं वालचंदनगर आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात आहे. मुलांना घेऊन एकदा जरूर जा, आणि ही गोष्ट सांगा. 🙏