कारागृहातील धर्म आणि पंगत

कारागृहाच्या दरवाजाशी बंद्याची नोंद होते तेव्हा नाव, वय व गाव ह्यांबरोबर त्याचा धर्मही लिहून घेतला जातो. परभणीसारख्या जिल्ह्यात ह्या प्रश्नाला किती प्रकारची उत्तरे येऊ शकतात हे येथल्या समाजरचनेशी परिचय असणाऱ्यास सांगावयास नको. जनाबाईच्या गंगाखेडचा वारकरी, सय्यद शाह तुराबुल हक ह्यांच्या उरुसाला जाणारा मुसलमान, 1956 नंतरच्या धर्मांतरित कुटुंबातील बौद्ध शेतमजूर, जिंतूरकडील जैन, तांड्यावरचा बंजारा असे सर्व एकाच बराकीत येऊ शकतात. जिल्हा कारागृहात भरणा असतो तो प्रायः कच्च्या कैद्यांचा. दीर्घ शिक्षेचे बंदी मध्यवर्ती कारागृहाकडे जातात. इतक्या भिन्न आचारांची माणसे बंद भिंतीआड एकत्र ठेवताना राज्यसंस्था धर्म कशाला म्हणते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सामान्यतः कारागृहातील धर्म म्हटला की प्रार्थना व ग्रंथचिंतन डोळ्यांपुढे येते. ह्या समजुतीला महाराष्ट्रात सबळ आधार आहे. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले. विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 ह्या काळात, दर रविवारी एक ह्याप्रमाणे, गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली. परंतु कारागृहाच्या अधिकाऱ्यांना अशा धर्माने फारसे अडचणीत आणल्याचे दिसत नाही. अडचण उभी राहिली ती चुलीपाशी, भांड्यापाशी आणि झाडूपाशी.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगाल इलाख्यातील कैद्यास भत्ता मिळे व तो आपले अन्न आपण शिजवी. 1840 नंतर सामुदायिक स्वयंपाक सुरू होताच ठिकठिकाणी दंगे झाले. 1855 मध्ये आरा व मुझफ्फरपूर येथे पितळी लोटे काढून घेऊन मातीची भांडी देण्यात आली. लोट्याचा शस्त्रासारखा उपयोग होतो, ही सरकारची भीती. मातीचे भांडे एकदा वापरले की ते विटाळते, ही कैद्यांची श्रद्धा. मुझफ्फरपुरास गावकरीही कैद्यांच्या बाजूने उठले आणि लोटे परत करावे लागले. ह्या धड्यानंतर कारागृहाच्या नियमांत ‘धर्मात हस्तक्षेप नको’ हे धोरण अधिकाधिक पक्के होत गेले.

हे धोरण वरकरणी उदार दिसते. त्याची दुसरी बाजू अंदमानात दिसते. सावरकरांनी ‘माझी जन्मठेप’मध्ये वर्णिले आहे की, मुसलमानांच्या पंगतीत जेवलेला हिंदू कैदी बाटला असे खुद्द हिंदूच मानीत व त्यास आपल्या पंगतीत परत घेत नसत. ही हकीकत एका पक्षाची आहे, हे वाचताना विसरून चालणार नाही. तरीही पंगत बदलली की धर्म बदलला, हा हिशेब कैद्यांच्या मनात किती पक्का होता, एवढे तीवरून निश्चित कळते.

ह्याहून अधिक बोलके उदाहरण रत्नागिरीचे आहे. 1932 साली तेथील तुरुंगात असलेले आप्पासाहेब पटवर्धन ह्यांनी आपणास भंगीकाम द्यावे अशी मागणी केली. ते ब्राह्मण असल्यामुळे नियमाच्या आधारे ती नाकारण्यात आली, तेव्हा त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला. येरवड्यास असलेल्या गांधीजींनी त्या डिसेंबरात सहानुभूतीचा उपवास आरंभिला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो सुटला. येथे नियमाची दोन्ही टोके एकदम उघडी पडतात. ज्याला ते काम करावयाचे होते त्याला ते नाकारले जाई. ज्याच्या जातीकडे ते परंपरेने आले होते त्याला मात्र त्याची इच्छा कोणी विचारीत नसे. धर्मरक्षणाचा नियम आणि जातीची सक्ती ही दोन कलमे नव्हती, एकच होते.

ते कलम स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ टिकले. साध्या कैदेतील बंद्यास हलके काम देऊ नये, तो तशा कामाची ‘सवय असलेल्या’ समाजातील असल्यास गोष्ट वेगळी, अशा आशयाचा नियम उत्तर प्रदेशाच्या नियमावलीत होता. अन्न ‘योग्य जातीच्या’ बंद्यांनी शिजवावे असे बंगालच्या नियमावलीत होते. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता ह्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी असे नियम घटनाबाह्य ठरविले, तीन महिन्यांत नियमावल्या सुधारण्यास सांगितले, आणि बंद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला.

धर्माची नोंद अद्याप होते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती राहावी. रमजानात सूर्यास्तानंतर उपवास सुटतो, पण कारागृहात संध्याकाळचे जेवण बराकी बंद होण्यापूर्वीच, दिवसाउजेडी वाटले जाते; सहरीसाठी पहाटे चूल पेटवावी लागते. एकादशीचा फराळ, जैनांचे सूर्यास्तापूर्वीचे भोजन, कोठडीत मरण आल्यास दहन की दफन, हे निर्णय नोंदीवाचून होऊ शकत नाहीत. फरक असा की, ही नोंद बंद्यास काही देण्यासाठी आहे. जातीचा रकाना त्याच्याकडून काम काढून घेण्यासाठी वापरला गेला. अर्थात रकाना पुसला तरी आपल्याकडे आडनाव शिल्लक राहतेच!

मराठवाड्यापुरते पाहता अभ्यासास एक मोठे क्षेत्र मोकळे आहे. परभणी जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. 1938–39 च्या आर्यसमाजी सत्याग्रहात धर्माचरणाच्या स्वातंत्र्यासाठीच माणसे निजामाच्या तुरुंगांत गेली. महात्मा नारायण स्वामी गुलबर्ग्यास बंदिवासात होते. धर्मासाठी आत आलेल्या ह्या माणसांना आत धर्म कितपत पाळता आला, त्यांच्या चुली कोणी पेटविल्या व संडास कोणी साफ केले, हे सत्याग्रहींच्या आठवणी आणि सरकारी कागद शेजारी ठेवूनच ठरवावे लागेल. निजामी राज्याची राज्यभाषा उर्दू असल्यामुळे हे काम हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम त्या लिपीशी परिचय करून घ्यावा.