मुलांच्या रक्ताचा कर्करोग : कारण शोधायचे कसे?

पावसाळा संपत आला की चामोर्शी परिसरातल्या शाळांची हजेरी रोडावते. कुणाला ताप असतो, कुणाचे हातपाय दुखतात, कुणी फिकट पडलेले असते. अशा मुलाबद्दल इकडे दोन शंका आधी घेतल्या जातात, हिवताप म्हणजे मलेरिया आणि सिकलसेल. बहुतेक वेळा त्यांपैकी एक खरी ठरते. पण फिकटपणा, हटता न हटणारा ताप आणि हाडांचे दुखणे ही लक्षणे आणखी एका आजाराची आहेत. तो आजार म्हणजे रक्ताचा कर्करोग, ल्युकेमिया. तो कशामुळे होतो हे शास्त्रज्ञ शंभराहून अधिक वर्षे शोधत आहेत. हा शोध कसा चालतो आणि आपल्या भागाशी त्याचा काय संबंध आहे, ते पाहू.

बिघाड कोठे होतो?

आपल्या हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा असते. तिथे रक्तातल्या सर्व पेशी तयार होतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात, पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात आणि बिंबिका म्हणजे प्लेटलेट रक्त गोठवतात. ल्युकेमियात एखादी अपक्व पांढरी पेशी वाढायचे थांबतच नाही. ती स्वतःसारख्याच निकामी पेशी तयार करत सुटते. शेतात तणाने धानाची जागा घ्यावी तसे होते. तांबड्या पेशी घटल्या की मूल फिकट पडते. कामाच्या पांढऱ्या पेशी घटल्या की ताप येत राहतो. बिंबिका घटल्या की अंगावर निळे डाग पडतात, हिरड्यांतून रक्त येते. मज्जा दाटली की हाडे दुखतात. मुलांना होणाऱ्या सर्व कर्करोगांत साधारण एक तृतीयांश वाटा याच आजाराचा असतो.

नक्की ठाऊक असलेली कारणे

1945 साली हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबाँब पडले. त्यानंतर काही वर्षांतच तिथल्या लोकांत ल्युकेमिया वाढला आणि मुलांत तो अधिक वाढला. किरणोत्सर्गाचा संबंध त्यावरून स्पष्ट झाला. इंग्लंडमध्ये डॉ. ॲलिस स्ट्युअर्ट यांनी आजारी मुलांच्या आणि निरोगी मुलांच्या आयांना एकच प्रश्नावली दिली. गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्या आयांच्या मुलांत कर्करोग जास्त आढळतो, हे त्यांनी 1956 ते 1958 या काळात दाखवले. आज गरोदर बाईचा एक्स-रे टाळतात त्यामागे हा इतिहास आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांतही ल्युकेमियाचे प्रमाण जास्त असते. पण ही सगळी कारणे मिळूनही थोड्याच मुलांच्या आजाराचा उलगडा होतो. बाकीच्यांचे काय?

दोन टप्पे

ब्रिटिश शास्त्रज्ञ मेल ग्रीव्ह्ज यांनी 1988 पासून मांडलेली कल्पना अशी : मुलांतल्या नेहमीच्या ल्युकेमियाचा पहिला टप्पा बहुधा आईच्या पोटातच घडतो. पेशीतल्या गुणसूत्रांची योगायोगाने चुकीची जोडणी होते. जन्मलेल्या मुलांच्या साठवलेल्या रक्तात असे बदल सापडले आहेत, आणि ज्यांच्यात ते सापडतात त्यांतली फारच थोडी मुले पुढे आजारी पडतात. म्हणजे आजार होण्यासाठी जन्मानंतर दुसरा धक्का लागतो. ग्रीव्ह्ज यांच्या मते, पहिल्या वर्षात साध्या संसर्गांची सवय न झालेल्या मुलाला उशिरा संसर्ग झाला, तर प्रतिकारयंत्रणा भलत्या जोराने उसळते आणि हा धक्का बसतो. आईचे दूध पिणाऱ्या आणि लहानपणीच इतर मुलांत मिसळणाऱ्या मुलांत धोका थोडा कमी दिसतो, हे या कल्पनेशी जुळते. या विचाराने अंगावर पिणारी, भावंडांच्या गराड्यात वाढणारी खेड्यातली मुले थोडी सुरक्षित असायला हवीत.

यात आईबापांसाठी एक महत्त्वाची गोष्ट आहे. पहिला टप्पा योगायोगाचा असतो. तो आईच्या खाण्याचा, वागण्याचा किंवा कुणाच्या पापाचा परिणाम नाही.

तांदळाचा प्रयोग

1983 साली इंग्लंडमध्ये सेलाफिल्ड अणुप्रकल्पाशेजारच्या सीस्केल गावात अपेक्षेपेक्षा बरीच जास्त मुले ल्युकेमियाने आजारी असल्याचे उघड झाले. किरणोत्सर्गावर संशय गेला, पण प्रकल्पातून बाहेर पडलेल्या किरणोत्सर्गाचे मोजमाप एवढ्या आजाराला पुरेसे ठरेना. लिओ किन्लन यांनी 1988 साली वेगळे उत्तर सुचवले : आडवळणाच्या भागात कारखान्यामुळे बाहेरची माणसे मोठ्या संख्येने आली की अनोळखी संसर्ग पसरतो आणि ल्युकेमिया तात्पुरता वाढतो. अणुप्रकल्प नसलेल्या, पण नव्याने वसलेल्या गावांतही त्यांना अशी वाढ दिसली.

चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीला लोखंडाचा कारखाना उभा राहिला आहे आणि बाहेरची माणसे येत आहेत. मग इथेही तसेच होईल का? हा प्रश्न रास्त आहे, पण उत्तराची घाई नको. त्याआधी वर्गात एक प्रयोग करा. कागदावर 100 सारखे चौकोन आखा आणि 100 तांदूळ डोळे मिटून सर्वत्र उधळा. प्रत्येक चौकोनात एकेक दाणा पडणार नाही. साधारण 37 चौकोन रिकामे राहतील, सहा चौकोनांत तीन-तीन दाणे असतील, एकदोनांत चार किंवा जास्तही असतील. त्या चौकोनांत विशेष असे काहीच नसते. एखाद्या गावात तीन मुले आजारी पडली तर तो योगायोगही असू शकतो, हे यावरून समजते. कारण सिद्ध करायचे तर अनेक गावांची अनेक वर्षांची मोजणी लागते.

आठवणीही फसवतात. आजारी मुलाच्या आईला घरात, शेतात कोणते औषध फवारले होते हे विचारले, तर ती आठवून आठवून सांगते. निरोगी मुलाची आई तेवढा ताण देत नाही. त्यामुळे फवारणी आणि ल्युकेमिया यांचा जो संबंध काही अभ्यासांत दिसला, त्यातला काही भाग स्मरणाचाही असू शकतो. म्हणून फवारणी निर्धोक ठरत नाही. मुलांना त्यापासून दूर ठेवावे याला दुसरी पुष्कळ कारणे आहेत.

न मोजलेली मुले

आता मोजणीकडे वळू. कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही मुंबईत 1963 साली सुरू झाली. खेड्यांसाठीची देशातली पहिली नोंदवही 1987 साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत निघाली. भारतात खेड्यांत मुलांच्या कर्करोगाची नोंद शहरांपेक्षा कमी होते. ग्रीव्ह्ज यांच्या कल्पनेने याचा काही भाग समजावता येईल. पण निदानच झाले नाही तर मूल नोंदवहीत येणार कसे? आणखी एक खूण पाहा. हा आजार मुलग्यांत मुलींपेक्षा जगभर किंचित जास्त आहे. भारतातल्या नोंदींत मात्र ही तफावत बरीच मोठी दिसते. मुलींचे रक्त वेगळे नाही, त्यांना दवाखान्यात कमी नेले जाते.

हिवतापाच्या मुलखात आजार लपणे आणखी सोपे आहे. हिवतापाच्या झटपट चाचणीची पट्टी फक्त हिवतापाचे उत्तर देते. सिकलसेलच्या विद्राव्यता चाचणीत वाहक आणि रुग्ण दोघेही 'पॉझिटिव्ह' येतात, आणि नुसत्या वाहकाला सहसा काही त्रास नसतो. मूल वाहक असेल तर त्याच्या फिकटपणाचे कारण दुसरेच शोधायला हवे. 'सिकल निघाला' म्हणून तपास तिथेच थांबवणे घातक ठरू शकते. रक्तपेशींची पूर्ण मोजणी आणि काचपट्टीवरचा रक्ताचा नमुना जाणकाराने पाहणे, एवढ्याने पुढची दिशा बहुधा कळते.

मरणाची कारणे

आजाराची कारणे बव्हंशी आपल्या हाती नाहीत. मरणाची कारणे मात्र पुष्कळशी आहेत. मुंबईत 1928 पासून डॉ. लूसी विल्स यांनी गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला, त्यांत गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायका होत्या. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात हे त्यांनी दाखवले. त्या अर्कातला घटक म्हणजे फोलिक आम्ल. रक्तपेशी वाढायला ते लागते, तर ते अडवले की कर्करोगाच्या पेशीही उपाशी मराव्यात, या विचाराने डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने अमेरिकेत औषध बनवले. 1948 साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी त्या औषधाने 16 पैकी 10 मुलांचा आजार काही काळ मागे हटवला. आज श्रीमंत देशांत नेहमीच्या प्रकारच्या ल्युकेमियाची दहापैकी नऊ मुले बरी होतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयानेही 1980 च्या दशकात आपल्या परिस्थितीला झेपेल अशी उपचारपद्धती वापरात आणली आणि मुलांचे जगणे खूप सुधारले.

पण उपचार दोन-अडीच वर्षे चालतात आणि चामोर्शीहून नागपूर सुमारे 200 किलोमीटर. मजुरी बुडते, घरची दुसरी मुले मागे राहतात, ताप उतरला की 'बरे झाले' असे वाटते आणि उपचार अर्ध्यावर सुटतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. या योजनेची सुरुवात 2012 साली दुसऱ्या नावाने झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. तरीही कागद जुळवायला, तालुक्याला जायला आणि धीर द्यायला कुणीतरी लागते. अनेकदा ते कुणीतरी म्हणजे शिक्षकच.

म्हणून गुरुजींनी, बाईंनी एवढे ध्यानात ठेवावे : दोन आठवड्यांत न हटणारा ताप, वाढत जाणारा फिकटपणा, मार न लागता पडलेले निळे डाग, मानेत वा काखेत गाठी, आणि हाडे दुखतात म्हणून खेळ सोडून बसणारे मूल. यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर पालकांना सांगून पूर्ण रक्ततपासणी करवून घ्यावी. तपासणीआधी 'ताकदीच्या' नावाखाली स्टेरॉइडच्या गोळ्या वा इंजेक्शन देऊ नये. त्याने आजार काही दिवस दबतो आणि निदान चुकते. आणि ते मूल मुलगी असेल, तर पालकांकडे दुसऱ्यांदाही जावे.