रेपसीडचे तेल खाण्याजोगे कसे झाले
रेपसीड हे मोहरीवर्गीय तेलबी पीक सलगम आणि कोबी यांच्या जातींच्या संकरातून उद्भवले असून त्याच्या ३८ गुणसूत्रांपैकी २० पहिल्या, तर १८ दुसऱ्या जातीकडून आलेली आहेत. त्यामुळे अनेक जनुके, म्हणजे आनुवंशिक गुण ठरवणारे घटक, त्यात दुहेरी आढळतात. तेलातील इरुसिक आम्ल हे अपायकारक मानलेले मेदाम्ल नाहीसे करण्यासाठी म्हणूनच दोन जनुके निष्क्रिय असावी लागतात. या आम्लाचे प्रमाण बीजातील गर्भाच्याच जनुकांवर ठरत असल्याने कॅनडातील पैदासकारांनी बीजाचे एक दल तपासून उरलेल्या भागापासून रोप वाढवण्याची विलक्षण कल्पक पद्धत अवलंबिली. पेंडीतील ग्लुकोसिनोलेट ही उग्र, गंधकयुक्त द्रव्ये पोलंडच्या ‘ब्रोनोव्स्की’ वाणाच्या संकरातून घटली आणि १९७४ मध्ये बाल्डर स्टेफनसन यांचा ‘टॉवर’ हा दोन्ही घटक अल्प असलेला या पिकाचा पहिला वाण प्रसारित झाला.