अक्षरांत दडवलेला नियम

इंग्रजीत 'लिसन' म्हणजे ऐकणे आणि 'सायलेंट' म्हणजे शांत. दोन्ही शब्द त्याच सहा अक्षरांचे! आपल्याकडेही 'कमल'ची अक्षरे हलवली की 'कलम' होते. अशा शब्दाला इंग्रजीत ॲनाग्राम म्हणतात. विद्यार्थी मित्रांनो, एके काळी मोठमोठे शास्त्रज्ञही हा खेळ खेळत. पण करमणूक म्हणून नव्हे.

समजा, तुम्हांला नवा शोध लागला, पण तो अजून पुरता तपासून व्हायचा आहे. सांगावा तर दुसरा कोणी पुढे नेईल. गप्प बसावे तर श्रेय जाईल. मग काय करायचे? शोध एका लॅटिन वाक्यात लिहायचा आणि त्याची अक्षरे उलटसुलट करून जाहीर करायची!

१६१० मध्ये गॅलिलिओने अशी ३७ अक्षरे केप्लरला कळतील अशी व्यवस्था केली. पृथ्वीला एक चंद्र, गुरूला चार. तेव्हा मंगळाला दोन असावेत, असे केप्लरला आधीच वाटत होते. थोडी ओढाताण करून त्याने तोच अर्थ लावला. खरे वाक्य निराळेच होते: 'सर्वांत दूरचा ग्रह मला तिहेरी दिसला.' गॅलिलिओच्या लहानशा दुर्बिणीतून शनीची कडी दोन बाजूंच्या दोन गोळ्यांसारखी दिसली होती. गंमत अशी, की १८७७ मध्ये असफ हॉल यांना मंगळाचे खरोखरच दोन चंद्र सापडले! केप्लरचे उत्तर चुकले, अंदाज मात्र योगायोगाने बरोबर ठरला.

१६७६ मध्ये रॉबर्ट हूकने १४ अक्षरे वर्णक्रमाने छापली: सी, ई, तीन आय, एन, ओ, तीन एस, दोन टी आणि दोन यू. (तेव्हा यू व व्ही एकच अक्षर मानीत.) ही अक्षरे ६० कोटी ५४ लाख ४ हजार ८०० प्रकारे मांडता येतात. करून पाहा: १४ चे क्रमगुणित भागिले १४४. हा १४४ कोठून आला, हे तुम्हीच शोधा. दोन वर्षांनी हूकनेच उत्तर दिले: 'उत् तेन्सिओ सिक् विस', म्हणजे 'जशी वाढ, तसे बल'. स्प्रिंगला दुप्पट वजन टांगले, की तिच्या लांबीतली वाढ दुप्पट होते. तुमच्या पुस्तकातला हूकचा नियम तो हाच!

पण विचार करा. अक्षरे छापून हूकचा हक्क राखला गेला. दोन वर्षे नियमाचा उपयोग मात्र कोणालाच झाला नाही. आज संशोधनपत्रिका लेख मिळाल्याची तारीख छापतात, त्यामुळे असे कोडे घालावे लागत नाही. श्रेय दडवलेल्या अक्षरांनी मिळेल. ज्ञान वाढते ते उघड सांगितलेल्या वाक्याने.