शंभर नंबरी पेट्रोल

जूचंद्र म्हटले की रांगोळी आठवते. पण तिथल्याही एखाद्या तरुणाला हप्त्यावरच्या वेगवान गाडीत ‘शंभर नंबरी’ पेट्रोल भरावेसे वाटतेच. (बँकेत आयुष्य गेल्याने मी आधी हप्ता विचारतो!) १०० ऑक्टेनचे पेट्रोल इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये मुंबई-पुण्यात आणले. हा आकडा ताकदीचा नव्हे, सोसण्याचा. दाबाखाली आपणहून पेट न घेणे, एवढाच त्याचा अर्थ. इंजिनच तेवढ्या दाबाचे नसेल, तर जादा पैसे धुरात. शर्यतीच्या काही इंधनांत तर शिसे असते. त्याने धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो. मुलांच्या मेंदूला घातक असलेले हे शिसे साध्या पेट्रोलमधून २००० साली देशभर हद्दपार झाले. आपल्या गाडीला कोणते ऑक्टेन हवे, ते तिच्या पुस्तिकेत छापलेले असते.