दोरीवर टांगलेला सूर्य

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीच्या छताला कपडे वाळत घालायच्या दांड्या टांगलेल्या असतात. दोरी सैल केली की दांडी खाली येते. ओले कपडे टाकले की दोरी ओढून ती वर न्यायची आणि भिंतीवरच्या हुकाला दोरी गुंडाळून ठेवायची. स्टूल नको, शिडी नको. बंद खोलीत दिव्यांच्या उजेडात पालेभाज्या किंवा मायक्रोग्रीन्स वाढवणाऱ्यांना नेमकी हीच युक्ती उपयोगी पडते. फरक इतकाच, की त्यांच्या दोरीवर कपडे नसतात, रोपांचा सूर्य असतो. त्याची उंची चुकली तर अख्खा ट्रे वाया जातो.

दिवा हलवायचा कशासाठी?

उजेड कमी पडला की रोप पाने सोडून खोडाची उंची वाढवण्यात ताकद घालते. मग रोपे लांबुळकी, फिकट आणि लुळी होतात, वाऱ्याच्या झुळकेनेही आडवी पडतात. याउलट दिवा फार जवळ असेल तर शेंड्याची पाने पांढुरकी पडतात, कडा वळतात. लेट्यूससारख्या भाजीत कोवळ्या पानांच्या कडा करपतात, कारण झपाट्याने वाढणाऱ्या पानांपर्यंत कॅल्शियम पुरेसे पोहोचत नाही.

अंतराचा परिणाम वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. एका बिंदूतून येणारा उजेड अंतर दुप्पट झाले की निम्मा नव्हे, तर पाव होतो. पसरट एलईडी पॅनेलखाली ही घट इतकी तीव्र नसते, पण दिशा तीच. समजा, दिवा ट्रेपासून ३० सेंटिमीटरवर टांगला आणि कोथिंबीर १५ सेंटिमीटर वाढली. दिवा जागचा हललेला नाही, पण पानांपासूनचे अंतर मात्र निम्मे झाले. म्हणून अंतर मोजायचे ते ट्रेपासून नव्हे, पानांच्या शेंड्यापासून.

वनस्पतींसाठी उजेड मोजण्याचे एककही वेगळे आहे. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला प्रकाशाचे किती कण पडतात, ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात हा आकडा सुमारे २००० असतो. लेट्यूससारख्या पालेभाजीला २०० ते २५० पुरतात. २०० मायक्रोमोलचा उजेड १६ तास दिला, तर दिवसाचा हिशेब सुमारे साडेअकरा मोल होतो. मोबाइलवरचे लक्समीटर इथे फसवे ठरते. लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेले माप आहे. डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड जास्त भासतो, म्हणून लाल-निळ्या दिव्याखाली लक्सचा आकडा कमी दिसतो, रोपाला मात्र तोच उजेड भरपूर असतो.

ही गरज अंतराळातही चुकलेली नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०१४ मध्ये पोहोचलेल्या नासाच्या ‘व्हेजी’ या छोट्या बागेत दिव्यांची पट्टी वर-खाली करता येते आणि भोवतीचा पारदर्शक पडदा भात्यासारखा ताणला जातो. त्याच बागेतले लाल लेट्यूस अंतराळवीरांनी ऑगस्ट २०१५ मध्ये खाल्ले.

कप्पीचे गणित

विहिरीवरची कप्पी जोर वाचवत नाही, फक्त दिशा बदलते. वर उचलण्याऐवजी खाली ओढायचे, एवढीच सोय. ८ किलोचा दिवा एका स्थिर कप्पीवरून उचलायला ८ किलोचाच जोर लागतो. इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. दोरी सरळ खाली ओढली की छताच्या हुकावर दिव्याचा भार आणि हाताची ओढ असे दोन्ही मिळून १६ किलो येतात. हुक निवडताना दिव्याचे वजन धरून चालत नाही.

दिव्यासोबत हलणारी दुसरी कप्पी लावली, तर जोर निम्मा होतो. ८ किलोसाठी ४ किलो, वर थोडे घर्षण. त्याची किंमत दोरीत मोजावी लागते. दिवा ३० सेंटिमीटर वर न्यायला ६० सेंटिमीटर दोरी ओढावी लागते. पण त्यामुळे बारीक फेरबदल सोपे होतात.

लहान दिव्यांसाठी दातेरी चाकाचे रॅचेट हँगर बाजारात जोडीने मिळतात. दोरीचे मोकळे टोक ओढले की दिवा वर जातो आणि खीळ दात्यात अडकून तो तिथेच थांबतो. खाली आणताना मात्र दिव्याचा भार आधी हातावर घेऊन मगच खीळ दाबायची. दोन बाजू आळीपाळीने, चार-पाच सेंटिमीटरच्या टप्प्याने हलवल्या की दिवा तिरका होत नाही.

मोठ्या दिव्यासाठी चारही कोपऱ्यांच्या दोऱ्या छतावरच्या कप्प्यांतून नेऊन एका कडीत बांधतात. त्या कडीची एकच दोरी भिंतीवर, छातीच्या उंचीवर आणतात. तिथे हँडल सोडले तरी जागच्या जागी थांबणारे छोटे विंच लावले की चारही कोपरे एकाच वेळी हलतात.

पाठ, डोळे आणि वीज

ही व्यवस्था छातीच्या उंचीवर आणण्यामागे आरोग्याचे कारण आहे. डोक्यावर हात धरून जड वस्तू पेलताना खांदा आणि मानेवर ताण येतो. ओल्या फरशीवर स्टूल ठेवून हे काम करणे तर अपघाताला आमंत्रण. घरात ज्येष्ठ मंडळी बागेची देखभाल करत असतील, तर दोरी-कप्पीचा खर्च हा बागेचा नव्हे, हाडांचा विमा समजावा.

दिवा हलवण्याआधी तो बंद करावा. वर-खाली होताना तो नेमका डोळ्यांसमोर येतो आणि जवळून पाहिलेला तीव्र एलईडी डोळ्यांना त्रास देतो. अतिनील किरणांचा दिवा असेल, तर योग्य चष्म्याशिवाय खोलीत जाऊच नये. जांभळ्या उजेडात पानांवरचे डागही नीट दिसत नाहीत, म्हणून रोपांची पाहणी पांढऱ्या दिव्याखाली करावी.

दिवा सर्वांत खाली आला तरी वायर ताणली जाता कामा नये. प्लगजवळ वायरला खालच्या बाजूने झोळ ठेवला, तर वायरवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता झोळाच्या तळाशी गळून पडते. ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी असल्याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला दिवा कधीच टांगू नये. हुक वरच्या स्लॅबमध्ये अँकर फास्टनरने बसवावा. भाड्याच्या घरात छताला भोक पाडता येत नसेल, तर जमिनीवर उभा राहणारा लोखंडी सांगाडा बरा. मुख्य दोरी तुटली तरी दिवा पडू नये म्हणून एक सैल साखळी वेगळ्या हुकाला अडकवून ठेवावी आणि दिव्याची उंची बदलली की तिची कडीही बदलावी.

दिवा वर नेणे हा प्रत्येक वेळी उपाय असतोच असे नाही. वर गेलेला दिवा जास्त जागा उजळतो, पण थोडा उजेड भिंतींवर वाया जातो. १०० वॉटचा दिवा रोज १६ तास चालला, तर महिन्याला ४८ युनिट वीज लागते. दिव्याला उजेड कमी-जास्त करण्याचे बटण असेल, तर कोवळ्या रोपांसाठी आधी ते वापरावे. वीज वाचते.

उरते ती सवय. भिंतीवर पट्टीच्या खुणा कराव्यात, दोरीला रंगीत चिकटपट्टी लावावी आणि आठवड्यातला एक दिवस ठरवून शेंड्यापासून दिव्याचे अंतर मोजावे. त्याच वेळी दोरी कुठे झिजली आहे का, हुक सैल झाला आहे का, हेही पाहावे. दोरी हाताशी असेल तर हे काम दोन मिनिटांचे असते. स्टूलवर चढावे लागत असेल तर ते पुढच्या आठवड्यावर ढकलले जाते, आणि रोपे तोवर थांबत नाहीत.