टोपीवाली अक्षरं

१८८७ साली वॉर्सात डोळ्यांचे डॉक्टर झामेनहॉफ यांनी एस्पेरांतो ही भाषा जाहीर केली. अक्षरं २८, प्रत्येकाला एकच ध्वनी. लिहिलेलं तसंच वाचायचं, आघात नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर: एस्पे-रान्-तो, फामि-ली-ओ. अपवाद नाही.

मराठी माणसाला यातली एक सोय चटकन पटेल. ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतले दोन वेगळे च आपण एकाच अक्षरात कोंबतो. एस्पेरांतोत ‘चाक’मधल्या च साठी साधा ‘सी’ आणि ‘चहा’मधल्या च साठी टोपी घातलेला ‘सी’ आहे. अशी टोपीवाली अक्षरं पाच: सी, जी, एच, जे, एस. शिवाय वर चंद्रकोर असलेला ‘यू’.

छापखान्यांकडे हे खिळेच नसत! म्हणून झामेनहॉफ यांनी टोपीऐवजी पुढे ‘एच’ लावायची मुभा दिली. पण ‘फ्लुगहावेनो’ म्हणजे विमानतळ. त्यात ‘फ्लुग’चा जी आणि ‘हावेनो’चा एच आपसूकच शेजारी येतात आणि वाचणारा फसतो. पुढे संगणकावर ‘एच’च्या जागी ‘एक्स’ रूढ झाला. एक्स मूळ वर्णमालेतच नाही, त्यामुळे गोंधळ उरत नाही. दिसायला मात्र ओबडधोबडच.

सगळंच सोपं आहे, असंही नाही. ‘जाणणे’ या अर्थाच्या ‘स्त्सीइ’ची सुरुवात भल्याभल्यांची जीभ अडकवते. टोपीवाल्या ‘एच’चा घशातला खरखरीत ख तर वापरणाऱ्यांनीच कमी केला. रसायनशास्त्राला आधी ‘खेमीओ’ म्हणत, आता सर्रास ‘केमीओ’ म्हणतात.